उघाडीचा कागद

मला स्वतःची किळस येते. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी बाकीच्यांचा उद्धार करायला लागलो की कोणी म्हणायला नको, इनॉक मास्तर स्वतःला फार सोवळा समजतो.

पनवेलच्या शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. गावातली जुनी माणसं आम्हाला अजून शनवार तेली म्हणतात, कारण आमचे वाडवडील शनिवारी घाणा बंद ठेवायचे. आता आमच्यातली निम्मी घरं इस्राएलला गेली, उरलेली जायच्या गोष्टी करतात. मी राहिलो. बायकोचे, सिप्पोराचे, गुडघे धरलेले आणि मुलगी हदासा माझ्याच शाळेत मास्तरीण. तीन वर्षं झाली तरी टेंपररी.

१९५९ साली, मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी, कमळाकर जीप घेऊन आमच्या दारात आला. हा कमळाकर म्हणजे रावसाहेब काशिराम यांचा नातू. शाळा कमिटीचा चेअरमन, खारभूमी सोसायटीचा चेअरमन, आणि जिथे म्हणून खुर्ची दिसेल तिथला चेअरमन. ड्रायव्हरने एक पत्र्याची ट्रंक आणून माझ्या पडवीत ठेवली.

"गुरुजी, यंदा आजोबांची पंचविसावी पुण्यतिथी," तो म्हणाला. "त्यांच्या नावाने सभागृह बांधलंय. उद्घाटनाच्या दिवशी त्यांचं चरित्र प्रसिद्ध करायचं. लिहिणार तुम्ही."

"मी?"

"तालुक्यात तुमच्यासारखं मराठी कोणाचं आहे? आणि हे कागद सगळे मोडीत. मी शिकलो मुंबईला, इंग्रजी शाळेत. मला यातलं एक अक्षर कळत नाही." मग जाता जाता पायरीवर थांबून, हसत: "हदासाताईंना कायम करायची ऑर्डर माझ्या टेबलावरच आहे. पुस्तक झालं की सही करून टाकू. एकदमच."

शी! तोंड धुवून पुसावं इतक्या सहज बोलला. आणि मी काय केलं? त्याला सरबत विचारलं.

ट्रंक उघडली आणि वाचायला बसलो. काशिरामाचा जन्म १८६६चा. खाडीकाठच्या खारपट्टीत भाताची शेती. गुडघाभर चिखल, अंगावर लंगोटी, आणि पंचविसाव्या वर्षापर्यंत सही येत नव्हती. मग एका तलाठ्याच्या घरी सकाळी गवताचा भारा टाकायचा आणि त्याच्या बदल्यात मोडी शिकायचं, असं दोन वर्षं केलं. हे वाचून मला त्याचं कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? अक्षर तर असं की बघत राहावं, लपेटी वळणाचं, एका दमात ओळ संपवणारं.

पण माणूस नावाला चढला तो दुसऱ्याच गोष्टीमुळे. ती गोष्ट इथलं शेंबडं पोरही सांगतं. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाभोवती चिखलमातीचा लांबलचक बांध असतो. १८९६च्या श्रावणात उधाणाच्या भरतीला तो बांध फुटला. पाणी आत घुसायला लागलं. तेव्हा काशिराम त्या भगदाडात आडवा पडला, त्याच्या पाठीवर लोकांनी पेंढा आणि चिखल रचला, बांध तगला आणि तीनशे एकर भात वाचलं. झालं! तिथून लोकल बोर्ड. तिथून रावसाहेब. तिथून १९२३ साली मुंबईच्या प्रांतिक कौन्सिलात. "छातीने समुद्र अडवणारा काशिराम", असं लोक म्हणायचे आणि मत टाकायचे.

कौन्सिलात त्याने दिवे काय लावले तेही ट्रंकेत होतं. तीन वर्षांत दोनदा बोलला. एकदा खारबंधाऱ्यांच्या दुरुस्तीवर, आणि एकदा, पंखा डोक्यावर येतो म्हणून बसायची जागा बदलून मागायला. त्यानंतर त्याने आयुष्यात चिखलात पाय घातला नाही. घरापासून बांधापर्यंत जायलासुद्धा मेणा लागायचा, आणि ज्याला कचेरीत काम असेल तो पहाटेच दारात जिताडा ठेवून जायचा. या आमच्या खाडीतला हा मासा तेव्हापासून माणसांच्या पोटापेक्षा साहेबांच्या पोटात जास्त गेला.

मी हे सगळं लिहिलं का? डोंबल लिहिलं. मी लिहिलं, "सभागृहात त्यांची वाणी मोजकी परंतु मर्मभेदी असे."

दर शुक्रवारी आमच्याकडे सोनाबाई यायची. कोळीण. माझ्याच वयाची, साठीची, विधवा, मूलबाळ नाही. शब्बाथचं, म्हणजे शुक्रवार रात्रीचं, जेवण तिच्या मासळीवाचून झालं असं आमच्या घरात तीस वर्षांत घडलं नाही. आमच्यात खवले आणि पर असलेलीच मासळी चालते. कोळंबी नाही, चिंबोरी म्हणजे खेकडा नाही, काही नाही. हे तिला एकदाच सांगितलं होतं, माझं लग्न झालं त्या वर्षी. तेव्हापासून आमची टोपली वेगळी. कोळंबी ज्या टोपलीत ठेवली तिला आमची बोय मासळी लागू द्यायची नाही. कोणी बघत नसतानाही हे पाळायची. सिप्पोरा म्हणायची, आपल्या सख्ख्या वहिन्यांपेक्षा आपला धर्म सोनाबाईच जास्त सांभाळते.

त्या शुक्रवारी तिने टोपली ठेवली, पण उठेना.

"गुरुजी, रावसायबाची कागदं तुमच्याकडं आली म्हनतात."

"आली आहेत."

"त्यात आमच्या उघाडीचा कागद हाय. तेवडा काढून द्या."

उघाडी म्हणजे त्या बांधातलं लाकडी दार. ओहोटीला उघडायचं, शेतातलं पाणी खाडीत जातं. भरतीला लावून घ्यायचं. चोवीस तासांत दोनदा, पावसापाण्यात, आजारपणात. हे काम सोनाबाईच्या सासऱ्याचं, विठू कोळ्याचं. त्याच्यानंतर तिच्या नवऱ्याचं, आणि आता तिचं. त्याच्या बदल्यात दाराच्या तोंडाशी जी मासळी जमते तिथे जाळं लावायचा हक्क त्यांच्या घराचा. तिची चूल त्या जाळ्यावर पेटायची. कमळाकरच्या सोसायटीने ती उघाडी आता एका ठेकेदाराला द्यायचं ठरवलं होतं. सोनाबाई मामलेदाराकडे गेली तर साहेब म्हणाले, लेखी आणा. सुनावणी लागली होती ती उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी.

"कागद होता हे तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"मना नाय ठाव तं कुनाला ठाव? रावसायब आमच्या घरी येऊन बसलं हुतं, सासरा खाटेवर. त्यांनी वाचून दाखवला नि सासऱ्याचा अंगठा घेतला. मी चुलीपाशी हुते. रावसायब म्हनलं, उद्या कचेरीत नोंदवतो." ती पदराने हात पुसत राहिली. "उद्या म्हनलं हुतं."

ट्रंकेच्या तळाशी, कौन्सिलच्या छापील पत्रिकांखाली तो कागद सापडला. एकच पान. वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"भगदाडात मी पडलो नव्हतो. विठू कोळी पडला. मी बांधावर उभा राहून ओरडत होतो. सगळा पेंढा त्याच्या पाठीवर घातला, त्या दिवसापासून त्याची छाती गेली. लोक माझे नाव घेऊ लागले, मी घेऊ दिले. तो बोलला नाही. सबब, उघाडीची मासळी विठूकडे व त्याच्या घराकडे, घरात माणूस असेतो. माझ्या वंशातल्या कोणी हरकत घेऊ नये." खाली सही. सहीशेजारी अंगठा, पण अर्धाच. विठूच्या अंगठ्याचं टोक जाळ्याच्या दोरीने गेलेलं होतं.

तारीख १९३०ची. रावसाहेब मेला १९३४ला. चार वर्षं! चार वर्षं त्याला "उद्या" उजाडला नाही. खरं लिहिलं, ट्रंकेत कोंबलं, आणि वर कौन्सिलच्या पत्रिका रचल्या. अरे, लिहायचंच नाहीस तर नको लिहूस! थू तुझ्या रावसाहेबकीवर, असं मी त्या दिवशी मोठ्याने म्हणालो. हदासा वह्या तपासत होती, तिने वर पाहिलं.

"काय झालं, पप्पा?"

"काही नाही. तू तुझं काम कर."

पुढच्या शुक्रवारी सोनाबाईने विचारलं तेव्हा मी म्हणालो, अजून वाचतोय, ट्रंक मोठी आहे. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच म्हणालो. कागद माझ्या उशीखाली होता. तिच्या हातात दिला तर कोणी दिला हे कमळाकरला एका मिनिटात कळणार, आणि हदासाची ऑर्डर केराच्या टोपलीत जाणार. नाही दिला तर काय होणार हेही मला कळत होतं. न कळायला मी काही दूधखुळा नाही.

अशात कमळाकरचा निरोप आला. आजोबांच्या हस्ताक्षराचं एक पान काचेत बसवून सभागृहात लावायचं आहे, सुंदरसं बघून द्या.

मला वाटलं, सुटलो! काय डोकं चाललं माझं! मी तोच कागद दिला. गावात माझ्या वयाची निदान सात माणसं अशी आहेत ज्यांना मोडी पाण्यासारखी येते. निवृत्त तलाठी, दोन वकील, भातगिरणीचे मालक, कचेरीतले जुने कारकून. त्यांच्यातलं कोणीतरी वाचेल, बोंब होईल, मामलेदार तिथेच असतील, आणि माझं नाव कुठे येणारच नाही. मी दोन दिवस शीळ घालत हिंडत होतो. सिप्पोरा म्हणाली, "अहो, काय झालंय तुम्हाला?"

रविवारी सकाळी उद्घाटन झालं. मामलेदार प्रमुख पाहुणे, तरुण माणूस, बाहेरगावचा. मी स्टेजवर. नाकावर चष्मा चढवून दोन पानांचं भाषण वाचलं, छातीने समुद्र अडवणाऱ्या महापुरुषाचं. टाळ्या पडल्या. मग कमळाकरने भिंतीवरच्या चौकटीचा पडदा बाजूला केला, झेंडूचा हार घातला, आणि एकेक प्रतिष्ठित पुढे येऊन नमस्कार करायला लागला.

मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. तलाठी आला. हात जोडले. डोळे डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं त्याने, मी शाळामास्तर आहे, वाचणारे डोळे मला कळतात. मग कमळाकरकडे वळून म्हणाला, "वा! काय अक्षर!" थोरला वकील आला, त्यानेही वाचलं. मधेच मान एकदा झटकली, मग घसा खाकरला. "मोत्यासारखं आहे हो." गिरणीवाले, कारकून, सगळे. सातच्या सात. वाचत होते, गिळत होते, आणि हारातलं फूल कपाळाला लावून खाली उतरत होते.

तेवढ्यात दाराशी गडबड झाली. सोनाबाई आत आली होती. तिला बोलावणं नव्हतं. खुर्च्यांच्या मधून सरळ चालत ती चौकटीपाशी गेली, खालचा अंगठा निरखला आणि काचेवर बोट ठेवलं.

"ह्योच तो कागद! ह्यो बगा, सासऱ्याचा अर्दा अंगठा!"

"बाई, हे स्मारक आहे," कमळाकर म्हणाला. आवाज अगदी गोड. "आजोबांच्या दर कागदावर गोरगरिबांचे अंगठे आहेत. म्हणून तर आपण सगळे इथे जमलो."

"सायेब," ती मामलेदाराला म्हणाली, "तुमी लेखी मागितला हुता. ह्यो लेखी. वाचून घ्या."

मामलेदार उठून जवळ गेला. काचेत बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या. माणूस वाईट नव्हता. वळून त्याने सभागृहाला विचारलं, "मोडी कोणाला येते का इथे?"

तलाठी पंख्याकडे बघायला लागला. थोरला वकील घड्याळाला किल्ली देत होता. सात माणसं, आणि एकाला मोडी येईना! मग मामलेदाराची नजर माझ्यावर आली. "गुरुजी? चरित्र तर तुम्हीच लिहिलंत."

कमळाकर माझ्याकडे बघत होता. तिसऱ्या रांगेत हदासा बसली होती, तीही बघत होती. आणि सोनाबाई. तिच्या चेहऱ्यावर कसलीच शंका नव्हती. गुरुजी आहेत, म्हणजे झालं, असा चेहरा.

मी म्हणालो, "वाचायचा चष्मा घरी राहिला."

चष्मा माझ्या नाकावर होता. त्यातूनच पाव तासापूर्वी मी भाषण वाचलं होतं, सगळ्यांच्या देखत. कोणी हसलं नाही. मामलेदाराने माझ्या चष्म्याकडे बघितलं, मग नजर खाली घातली आणि म्हणाला, "बाई, उद्या सुनावणीला या. बघू." कमळाकरने लगेच सगळ्यांना पंगतीला बोलावलं.

पंगतीत जिताड्याचं कालवण होतं. कुठल्या उघाडीचा, ते विचारायची गरज नव्हती. मी जेवलो. दोनदा भात घेतला.

हदासा माझ्याबरोबरच घरी आली. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, आमच्या पवित्र वचनांच्या डबीला, बोटं लावून आत शिरताना थांबली. "पप्पा, काय लिहिलं होतं त्यात?"

"जुनं काहीतरी."

"माझ्यासाठी नाही ना केलंत?"

मी चपला काढत राहिलो. ती आत गेली.

सोमवारी सुनावणीत लेखी पुरावा नाही म्हणून निकाल सोनाबाईच्या विरुद्ध गेला. चौकटीतला कागद सभागृहाची मालमत्ता, तो काढता येणार नाही, असं कमळाकरने अर्जच दिला होता. त्याला कोणीतरी कागदाचा अर्थ सांगितला असणार. तरी चौकट त्याने उतरवली नाही. कशाला उतरवेल? वाचणारे कोण आणि किती, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. दर पुण्यतिथीला तिला हार पडतो.

बुधवारी हदासाची ऑर्डर आली. गुरुवारी उघाडीवर ठेकेदाराचं जाळं लागलं.

शुक्रवारी दुपारी सोनाबाई येणार नाही अशीच माझी खात्री होती. सिप्पोराने विचारलं तर सांगितलं, आज अंडी करू. पण ती आली. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या दारी. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले, नखांतून रक्त. टोपलीवरचं केळीचं पान तिने बाजूला केलं नाही.

"सोनाबाई," मी म्हणालो, "त्या दिवशी माझं..."

"उघाडी नाय आता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "खाजणाच्या चिखलात हात घालून जे गावलं ते आनलंय."

तिने टोपली उंबऱ्यावर ठेवली. मी पान उचललं. चिंबोऱ्या होत्या. काळ्या, जिवंत, नांग्या बांधलेल्या, आणि त्यांच्यावर पसाभर कोळंबी. तीस वर्षांत जे या उंबऱ्याला लागू दिलं नव्हतं ते सगळं.

मी तिच्याकडे बघितलं.

"ठेवा, गुरुजी," ती म्हणाली. "तुमाला आता काय बी चालतं."

आणि गेली. आतून सिप्पोरा विचारत होती, "अहो, सोनाबाई आली वाटतं! बोय आहे की जिताडा?"